आई, आत्या आणि दोन कंट्रोलर

माझी आई लोखंड ओतायच्या कारखान्यात क्रेन चालवायची. रस्त्यावरची नव्हे, छताखालच्या रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकणारी. त्या क्रेनला एक काचेची केबिन लटकवलेली असते. सकाळी लोखंडी शिडी चढून आई त्या केबिनमध्ये बसायची, ती जेवणाच्या सुट्टीतच खाली उतरायची. हाताशी दोन दांडे. एकाने क्रेन मागेपुढे न्यायची, दुसऱ्याने आकडा वरखाली करायचा. आकड्याला रसरसलेल्या लोखंडाचं भांडं, आणि खाली साच्यांची रांग. भांडं हेलकावता कामा नये, थेंब बाहेर पडता कामा नये. कारखान्यात तिला सगळे 'वरच्या बाई' म्हणायचे. साहेबलोकसुद्धा. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, या कुणी मोठ्या अधिकारी असणार. मग कोणीतरी बोट वर करून दाखवायचं.

गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला तेव्हा वरच्या बाई खाली आल्या. निवृत्तीच्या दिवशी तिने हसून फोटो काढून घेतले, घरी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातांना काय करावं ते कळेना. बोलता बोलता कपबशी टेबलावरून पुढे ढकलायची, मागे ओढायची. टीव्ही बघताना दोन्ही मुठी मांडीवर ठेवून बसायची आणि मुठी आपोआप हलायच्या. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, सवय."

घरात आईबरोबर आत्या राहते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती चष्म्याच्या दुकानात आतल्या बाजूला काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. बाबा गेले तेव्हा आत्या इथेच होती आणि नंतरही इथेच राहिली. आई तिला 'वन्सं' म्हणते, ती आईला 'वहिनी'. दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांचं कधी भांडण झालं नाही. पण खरं सांगायचं तर गप्पाही कधी रंगल्या नाहीत. दूध आणलंत का, हो आणलं. बिल भरलंत का, हो भरलं. एका धर्मशाळेत उतरलेले दोन सभ्य पाहुणे असावेत, तसं चालायचं.

माझ्या लग्नानंतर मी दुसऱ्या शहरात आले. येताना माझ्या खोलीतलं बरंच सामान तिथेच राहिलं. त्यात माझा जुना कॉम्प्युटर होता आणि पहिल्या नोकरीत घेतलेला गेमचा कन्सोल होता. त्या कन्सोलचा एकदा विजेच्या झटक्यात निकाल लागला होता. डबा गेला, पण त्याचे दोन बिनतारी कंट्रोलर मी टाकले नाहीत. जीव होईना. कपाटाच्या खणात ठेवून दिले होते.

एके दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना आईचा फोन आला.

"तुझ्या कपाटात ही काळी वटवाघळं कसली आहेत गं?"

मला कळायला जरा वेळ लागला. "आई, ते गेमचे कंट्रोलर. टाकून दे. डबाच मेलाय."

"डबा मेला असेल, ही जिवंत आहेत. मोबाइलच्या वायरला लावली तर दिवे लागले."

"बरं मग?"

आई तिकडे काहीतरी टकटक करत होती. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "याला दोन दांडे आहेत गं. अंगठ्याने हलतात. डावा आणि उजवा."

आमच्या घरी मी हा कंट्रोलर तासन्‌तास हातात धरून बसायचे, तेव्हा आई कामावर असायची. तिने तो कधी हातात घेतलाच नव्हता.

"कॉम्प्युटरला जोडता येतात ते," मी म्हटलं. समोर साहेब उभे होते म्हणून घाईने म्हटलं, आणि फोन ठेवला. पुढे काय होणार आहे याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलंय. आईच्या सांगण्यात आत्या घाबरलेली असते, आणि आत्याच्या सांगण्यात आई कॉम्प्युटरला दम देत असते. दोन्ही खरं असावं.

आईने कॉम्प्युटर सुरू केला, कंट्रोलर समोर धरला आणि मधलं मोठं बटण दाबलं. दिवा लागला. हळूहळू लुकलुकला. मग विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आत्या त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होती. ती दारात उभी राहून बघत होती, ओल्या हातांनी, कारण ती भांडी अर्धी टाकून आली होती.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला तर दोघींचे चेहरे स्क्रीनमध्ये मावेनात इतके जवळ.

"अगं, हा दिवा लागतो आणि जातो. लागतो आणि जातो. बिघडलाय का?" आईने विचारलं.

"नाही बिघडला. चालू झाला की तो आधीच्या डब्याला हाका मारतो. ओळख त्याच्याशीच आहे ना त्याची. उत्तर आलं नाही की गप्प होतो."

आत्या हळूच म्हणाली, "अरेरे."

"अरेरे काय वन्सं," आई म्हणाली. "त्याला सांगायला नको का कोणीतरी, की बाबा, डबा राहिला नाही, आता नवीन घर बघ! कसं सांगायचं गं त्याला?"

मी सांगितलं. मधलं मोठं बटण आणि त्याच्या डावीकडचं छोटं बटण, दोन्ही एकाच वेळी दाबायची आणि धरून ठेवायची. मध्ये सोडायची नाहीत. दिवा घाईघाईने लुकलुकायला लागला की समजायचं, त्याने जुनी ओळख सोडली आणि आता तो नव्याला शोधतोय.

आईने दोन्ही बटणं धरली. ओठ घट्ट मिटलेले. आत्याने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. दिवा पेटला, आणि मग असा भराभर लुकलुकायला लागला की आत्या ओरडली, "वहिनी, धाप लागली त्याला!"

"लागू दे! आता काय?"

आता कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ उघडायचं. आईने सेटिंग उघडली, मी सांगेन तिथे गेली, आणि तिथे ब्लूटूथ नव्हतंच. मी कपाळावर हात मारला. माझा कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालचा मोठा लोखंडी खोका, जुना. त्यात ब्लूटूथची सोय कधी नव्हतीच. एक छोटी पिन मिळते, यूएसबीच्या भोकात घालायची, मग येतं, असं मी सांगितलं. वाटलं, आता हे प्रकरण इथे संपलं.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून मोबाइलच्या दुकानात गेल्या. किराणा किंवा दवाखाना सोडून दोघी मिळून कुठे गेल्याचं मला तरी आठवत नाही. दुकानदाराने काउंटरवर नखाएवढी पिन ठेवली आणि विचारलं, "नातवासाठी का?"

"नाही," आत्या म्हणाली. "आम्हाला."

ही गोष्ट आत्याने मला फोनवर स्वतः सांगितली. आणि आत्या स्वतःहून फोन करत नसते.

पिन लावली. ब्लूटूथ आलं. आईने बटणं धरली, दिव्याला धाप लागली, आणि स्क्रीनवर एक ओळ उगवली, 'वायरलेस कंट्रोलर'. आत्याने माउसने त्या ओळीवर टिचकी मारली. क्षणभर काही नाही. मग लुकलुक थांबली आणि दिवा शांत, निळा, स्थिर झाला.

त्या वेळी दोघी एवढ्याने ओरडल्या की खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. काय झालं विचारायला. आईने त्यांना निळा दिवा दाखवला. काकूंनी दिव्याकडे बघितलं, दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं आहे ना सगळं?"

दुसरा कंट्रोलर आत्याने जोडला. आधी नाही नाही म्हणत होती, काही बिघडलं तर, म्हणून. आई म्हणाली, "बिघडून बिघडणार काय? डबा तर आधीच गेलाय." मग आत्याने बटणं धरली आणि श्वासही धरला. दिवा स्थिर झाला तेव्हाच सोडला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा. आईने तो उघडला, आणि गेम म्हणे, कंट्रोलर कुठाय? समोर निळा दिवा जळतोय आणि गेमला दिसतच नाही! मी पुन्हा कॉलवर. यांची भाषा एकमेकांना कळत नाही, मध्ये दुभाषी लागतो, असं समजावलं. तसा एक छोटा प्रोग्रॅम असतो. मी लांबून त्यांच्या कॉम्प्युटरवर तो उतरवून दिला. माउसचा बाण आपोआप फिरताना बघून आत्या खुर्ची मागे सरकवून बसली होती.

"आता बघ," मी म्हटलं.

आईने डावा दांडा अंगठ्याने किंचित पुढे केला. स्क्रीनवरची लाल गाडी किंचित हलली. आईने दांडा सोडला. गाडी थांबली. पुन्हा किंचित. पुन्हा हलली.

आईने अंगठा तसाच दांड्यावर ठेवला. मी विचारलं, "आई?"

"ऐकते," ती म्हणाली. "माझं ऐकते गं ती."

त्यानंतर तिने गाडी जी सोडली ती सरळ भिंतीत घातली. तिथून हसणं सुरू झालं ते थांबेना.

सुरुवातीचे दिवस नुसता धुमाकूळ होता. एक गंमत तर मी आजही आठवून हसते. खेळताना आईची गाडी मध्येच अडकायची. चालता चालता गचका खायची, थांबायची, मग उडी मारल्यासारखी पुढे जायची. आईला वाटलं दांडा खराब. नंतर लक्षात आलं की आत्या चहा घेऊन समोरून गेली की हे होतं. ती पिन खोक्याच्या मागच्या बाजूला, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून बसलेली. त्यात मध्ये आत्या उभी राहिली की ब्लूटूथच्या लाटा पोचायच्याच नाहीत.

"वन्सं, तुमच्यामुळे माझा अपघात होतोय!"

"मग चहा नको का तुम्हाला?"

"चहा हवाय, तुम्ही बाजूने या!"

शेवटी पिन काढून पुढच्या बाजूच्या भोकात लावली. गचके गेले, आणि चहाही सरळ रस्त्याने यायला लागला.

दुसरी गंमत याहून मोठी. दोघी पहिल्यांदा एकत्र खेळल्या तेव्हा स्क्रीनचे दोन भाग झाले, वर लाल गाडी, खाली हिरवी. आईला लाल हवी होती, आत्याला हिरवी चालणार होती. आत्याला नेहमी उरलेलं चालतं. शर्यत सुरू झाली. आई म्हणे, "ही आज माझं ऐकतच नाही." आत्याचे डोळे खालच्या हिरव्या गाडीवर खिळलेले, आणि हिरवी गाडी झकास चालली होती. वळणं घेत होती, कोणाला धक्का नाही. आत्या थक्क.

"वन्सं, तुम्ही किती सुरेख चालवता हो!" आई म्हणाली.

"मला पण कळत नाही, कसं काय जमतंय," आत्या म्हणाली.

शर्यत संपली. आईने कंट्रोलर खाली ठेवला आणि तिची लाल गाडी तशीच पुढे जात राहिली. आत्याने घाबरून अंगठा उचलला, तेव्हा लाल गाडी थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आत्याने जोडलेला कंट्रोलर कॉम्प्युटरने पहिला धरला होता आणि आईचा दुसरा. म्हणजे सुरेख चालवत होती ती आई, आणि भिंतीला ठोकत होती ती आत्या!

"मेलं, माझं कौतुक दोन मिनिटंही टिकलं नाही," आत्या म्हणाली आणि पोट धरून हसली. आईने मला नंतर सांगितलं, "अगं, तुझी आत्या हसते तेव्हा तिच्या गालाला खळी पडते. तुला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. आईलाही इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग रोजचंच झालं. आत्या दुकानातून आली की हातपाय धुऊन टेबलाशी. आधी कंट्रोलर जागे करायचे. कधी लगेच जोडले जायचे, कधी रुसायचे. कॉम्प्युटर म्हणायचा, जोडलेला आहे, आणि दिवा मात्र विझलेला. मग ती जुनी नोंद यादीतून काढायची, पुन्हा बटणं धरायची, पुन्हा ओळख करून द्यायची. हे काम आत्याने आपल्याकडे घेतलं. चष्म्याच्या काचेचा कंगोरा घासणारे हात ते, हलके. ती यादीतून नाव काढताना कंट्रोलरला म्हणायची, "रागवू नका, लगेच परत घेते."

त्यांना खेळताना बघून माझ्या नवऱ्याला चेव आला. तो कॉलवर म्हणाला, "आई, आमच्याशी खेळता का? इंटरनेटवरून. तुम्ही दोघी, आम्ही दोघं. रविवारी संध्याकाळी."

आईने पदर खोचला. "जावईबापू, तुम्ही मोठे खेळाडू. आम्ही कसल्या?"

"घाबरलात?"

त्यानंतर आईने आणि आत्याने त्या आठवड्यात काय केलं ते मला खालच्या काकूंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला काहीतरी सांग. जेवायची शुद्ध नाही दोघींना. छतातून ऐकू येतं, वन्सं आतून घ्या, वन्सं आतून घ्या!"

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना धुऊन काढलं. दुसऱ्या रविवारीही. प्रत्येक खेळात तीन शर्यती, आणि गाड्या ज्या क्रमाने पोचतील तसे गुण, पहिलीला दहा, मग आठ, सात, सहा. दोन्ही गाड्यांचे गुण मिळून संघाचा हिशेब. आई चांगली चालवायची, पण आत्या दर वळणाला बाजूला होऊन सगळ्यांना वाट द्यायची.

"वन्सं, त्याला का जाऊ दिलंत?"

"जावई आहेत ते, वहिनी!"

"अहो, गाडीत कसले जावई!"

हे मी माझ्या हेडफोनमधून ऐकत होते आणि नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

तिसऱ्या रविवारी मात्र हवा वेगळी होती. कॉल लागला तेव्हाच आत्याचा आवाज आला, "आज मी कोणाला वाट देणार नाही. आधीच सांगून ठेवते. नंतर वाईट वाटून घेऊ नका."

नवरा म्हणाला, "बापरे."

पहिली शर्यत आम्ही जिंकली. दुसरीत आईने मला अशा वळणावर आतून गाठलं की मला कळलंच नाही ती कुठून आली. पुढे जाताना तिने नवऱ्याच्या गाडीला असा दणका दिला की ती गवतात गेली. आणि दणका देतानाच ती म्हणाली, "माफ करा हं जावईबापू, लागलं नाही ना?"

बरोबरी झाली. तिसऱ्या शर्यतीवर सगळं ठरणार होतं. खोटं कशाला सांगू, मला जिंकायचं होतं. नवऱ्यालाही. समोर कॅमेऱ्यात दोघी दिसत होत्या. आई दोन्ही कोपर अंगाला चिकटवून बसलेली, फक्त अंगठे हलतायत. आत्या पुढे झुकलेली, चष्मा नाकावर घसरलेला.

शर्यत सुरू झाली. नवरा पुढे, त्याच्या मागे आई, मग आत्या, मग मी. मी आत्याला गाठायला बघत होते आणि आत्या मला गाठू देईना. डावीकडे गेले की डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. ही तीच आत्या, जी बसमध्ये सीट मिळाली तरी कोणाला हवी का म्हणून आधी आजूबाजूला बघते!

शेवटचा फेरा अर्ध्याहून जास्त झाला आणि एकाएकी आत्याची हिरवी गाडी सुस्तावली. सरळ रस्त्यावर. मी झपकन पुढे गेले.

"अगं बाई," आत्याचा आवाज आला. "दिवा गेला! वहिनी, माझा दिवा गेला!"

तिच्या कंट्रोलरची बॅटरी संपली होती. आठवडाभराच्या सरावात चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. इंटरनेटवरचा खेळ काही थांबत नाही. इकडे आम्ही पळतोय, तिकडे हिरवी गाडी रस्त्यात आडवी उभी.

"थांबा, मी बघते," आई म्हणाली आणि तिने तिचा कंट्रोलर खाली ठेवायला घेतला.

"ठेवू नका!" आत्या ओरडली. मी जन्मात तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "तुम्ही चालवा! मी जोडते!"

आणि ती कॅमेऱ्यातून नाहीशी झाली. टेबलाखाली गेली. मला फक्त आवाज ऐकू येत होते. खण उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा, आत्याचं पुटपुटणं, "वायर, वायर, वायर." आईचे डोळे स्क्रीनवर, तोंडाने मात्र, "मिळाली का? वन्सं, मिळाली का?"

"मिळाली! बोलू नका माझ्याशी, पुढे बघा!"

आईने पुढे बघितलं. शेवटच्या वळणावर नवरा जरा बाहेर फेकला गेला. तेवढी फट आईला पुरली. लाल गाडी त्याच्या आतून सटकली आणि रेषा पार झाली. आई पहिली! नवरा दुसरा, मी तिसरी. आता हिशेब असा, की आत्याची गाडी वेळेत रेषेपर्यंत पोचली तर त्यांचे गुण आमच्यापेक्षा जास्त. नाही पोचली तर त्या गाडीला काही मिळणार नाही आणि आम्ही जिंकणार. पहिली गाडी पोचली की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू होतात, तेवढा वेळ. ते सुरू झाले होते.

"वन्सं!"

टेबलाखालून हात वर आला, हातात कंट्रोलर, कंट्रोलरला वायर. "वीज पोचतेय, पण ओळख देत नाहीये!"

"बटणं धरा!"

"धरलीत की!"

मी माझा कंट्रोलर कधीच मांडीवर टाकला होता. नवरा उभा राहिला होता. आम्हाला हरायचं नव्हतं, पण आता आम्ही दोघंही ओरडत होतो, "आत्या, सोडू नका! धरून ठेवा!" नवरा तर खिडकीवर मुठी आपटत होता.

"धाप लागली," आत्या म्हणाली. मग, "लागला! वहिनी, लागला दिवा!"

आत्या टेबलाखालून वर आली आणि हिरवी गाडी हलली. पण ती एवढा वेळ आडवी उभी होती. आत्याने घाईत दांडा जोरात लोटला आणि गाडी गर्रकन फिरून उलटी झाली. तोंड मागे, पाठ रेषेकडे. रेषा समोर दिसतेय, म्हणजे मागे दिसतेय, आणि आकडे संपत आलेले.

"वळवा!" आई ओरडली.

"वेळ नाही!" आत्या म्हणाली. आणि तिने रिव्हर्स टाकला.

एवढ्या वर्षांत मी तो गेम शेकडो वेळा खेळले असेन. रिव्हर्समध्ये शर्यत पूर्ण करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. हिरवी गाडी पाठमोरी, किंचित नागमोडी, कठड्याला घासत घासत आली. आई तिच्या कानात सांगत होती, "डावीकडे, नाही नाही, तुमच्या उजवीकडे, हां, आता सरळ, सरळ, सरळ…" आणि आकडे संपायच्या आत मागची चाकं रेषेवर गेली.

मग स्क्रीनवर गुण आले. त्यांचे आमच्यापेक्षा एकाने जास्त.

तिकडे कॅमेरा हलला, कारण कोणीतरी टेबलाला धडकलं होतं. आई आणि आत्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. आईच्या गुडघ्यांना तसं उठायला वेळ लागतो, पण त्या दिवशी ती कशी उठली ते तिलाही आठवत नाही. आत्या काहीतरी म्हणत होती, ते नीट ऐकू येत नव्हतं. नंतर मी विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही गं. मी म्हटलं, वहिनी, आपण जिंकलो."

त्या रात्री दोघी जेवायला बसल्या तेव्हा आईने आत्याला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं. कोणी ठरवलं नव्हतं. "वन्सं, तू भात घे," असं तिच्या तोंडून गेलं, आणि आत्याने घेतला. हेही मला आत्यानेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, स्वतःहून फोन करून. पण फोन त्यासाठी नव्हता. फोन होता पुढच्या रविवारची वेळ नक्की करायला.

"आणि जावयांना सांग," ती म्हणाली, "सराव करून या म्हणावं."

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघं घरी गेलो. येतोय म्हणून कळवलं होतं. बॅगा घेऊन जिना चढलो आणि बेल वाजवली. आतून गाड्यांचा आवाज येत होता, पण दार कोणी उघडेना. पुन्हा वाजवली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

खालच्या काकू जिन्यात आल्या, हातात किल्ल्या, कुठेतरी निघालेल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ढकला दार. उघडंच असतं हल्ली. मी पण तशीच आत जाते."

दार ढकललं तेव्हा आतून आईचा आवाज आला, आमच्याकडे न बघताच.

"आलात का? बसा हं जावईबापू, चहा मिळेल. शेवटचा फेरा आहे!"